ठिणगीची निगा

प्रस्तावना

मोटार सुरू झाली की इंजिनाचा आवाज आपल्याला ऐकू येतो, चाके फिरताना दिसतात. परंतु ज्या लहानशा घटनेमुळे हे सारे घडते, ती मात्र आपल्या डोळ्यांआड घडत असते. ती घटना म्हणजे पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणात पडणारी विजेची ठिणगी. ती योग्य क्षणी आणि पुरेशा जोराने पडली, तर गाडी विनातक्रार धावते. ती दुबळी झाली किंवा चुकली, तर चांगल्यातले चांगले इंजिनही गचके खाऊ लागते.

प्रस्तुत पाठात ठिणगी निर्माण करणाऱ्या यंत्रणेची, म्हणजेच प्रज्वलन यंत्रणेची, माहिती दिली आहे. उच्च क्षमतेच्या इंजिनात ही यंत्रणा कशी तपासावी आणि तिची निगा कशी राखावी, हे एका उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. तांत्रिक विषय सुबोध मराठीत कसा मांडावा, याचाही परिचय या पाठातून तुम्हांला होईल.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• प्रज्वलन यंत्रणेचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• जुन्या आणि नव्या यंत्रणांतील फरक स्पष्ट करता येईल;
• दोष शोधण्याच्या पायऱ्या योग्य क्रमाने लिहिता येतील;
• यंत्रशाळेतील परभाषी शब्दांना मराठीत लिंग आणि सामान्यरूप कसे प्राप्त होते, हे ओळखता येईल.

मूळ पाठ

१. ठिणगीचे काम

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात चार क्रिया एकामागून एक घडतात. प्रथम पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. नंतर पिस्टन वर येऊन ते मिश्रण दाबतो. दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडते, ते पेटते आणि तापलेले वायू पिस्टनला खाली ढकलतात. शेवटी जळालेला धूर बाहेर टाकला जातो. या चार क्रियांपैकी केवळ तिसऱ्या क्रियेतून शक्ती मिळते, आणि ती सर्वस्वी ठिणगीवर अवलंबून असते.

गाडीतील बॅटरीचा विद्युतदाब अवघा १२ व्होल्ट असतो. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवण्यासाठी मात्र काही हजार ते तीस-चाळीस हजार व्होल्ट लागू शकतात. हा दाब वाढवण्याचे काम कॉइल करते. कॉइलीत तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे आणि थोड्या वेढ्यांचे, तर दुसरे बारीक तारेचे आणि हजारो वेढ्यांचे. पहिल्या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह वाहतो, तेव्हा त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. तो प्रवाह एकाएकी तोडला की हे क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात अतिशय उच्च दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली प्रयोगाने सिद्ध केलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर ही सारी रचना उभी आहे.

दाबाइतकेच महत्त्व वेळेला आहे. मिश्रण पेटल्यावर ज्योत सर्वत्र पसरण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. त्या गतीला क्रँकशाफ्ट एक अंश फिरण्यास सेकंदाचा केवळ छत्तीस हजारावा भाग लागतो. ठिणगी काही अंश उशिरा पडली तर शक्ती वाया जाते. ती फार लवकर पडली तर उरलेले मिश्रण भडकून उठते आणि पिस्टनवर हातोड्याचे घाव बसल्यासारखा आवाज येतो. असे घाव सतत बसत राहिले तर पिस्टन फुटतो.

२. पॉइंटपासून संगणकापर्यंत

कॉइलीचा प्रवाह योग्य क्षणी तोडायचा कसा, हा जुन्या काळातील अभियंत्यांपुढचा मुख्य प्रश्न होता. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे धातूचे स्पर्शबिंदू यांची सांगड घालून त्यावर तोडगा काढला. हे स्पर्शबिंदू म्हणजेच आपल्याकडील मेस्त्रींच्या बोलीतील ‘पॉइंट’. पुढे अनेक दशके जगभरातील मोटारी याच पद्धतीवर धावल्या.

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही त्याच परंपरेतील गाडी. १०८९ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देई. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची ओळख बनली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली आणि एक पर्व मिटले.

या गाडीची निगा मेस्त्री हाताने आणि कानाने राखत असे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढायचे, काळवंडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेजने त्यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवायचे, डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे-तिकडे फिरवून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि सूर जुळला की नट आवळायचा. एखादा सिलिंडर काम करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावरच प्लगाची वायर ओढून काढली जाई. अक्षरओळख नसलेले अनेक मेस्त्री या कामात निष्णात होते. त्यांचे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते त्यांच्या बोटांत आणि कानांत होते.

पुढे पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक स्विचने घेतली. मग डिस्ट्रिब्युटरही गेला. आता क्रँकशाफ्टजवळ बसवलेला संवेदक इंजिनाची गती आणि पिस्टनची स्थिती कळवतो, आणि छोटा संगणक प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवतो. ती वेळ डिस्ट्रिब्युटर फिरवून जुळवण्याची सोय या रचनेत उरलेली नाही. कान आणि बोटे यांवर विसंबलेल्या कारागिरापुढे यामुळे मोठाच प्रश्न उभा राहिला. आपले कसब आता निरुपयोगी ठरणार काय? या प्रश्नाचे उत्तर पुढील उदाहरणातून मिळते.

३. उच्च क्षमतेचे इंजिन

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी सुरू झाली. त्या वेळी शहराचे नाव औरंगाबाद होते. २००४ साली या गाडीची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती भारतात विक्रीस आली. तिचे पेट्रोल इंजिन १७८१ घनसेंटिमीटरचे असून ते १५० अश्वशक्ती देते. पद्मिनीच्या इंजिनाशी तुलना केली, तर घनफळ दुपटीहूनही कमी, पण शक्ती साडेतीन पटींहून अधिक.

ही वाढीव शक्ती येते कोठून? या इंजिनाला टर्बोचार्जर जोडलेला आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातील एक चक्र फिरते आणि ते दुसऱ्या चक्राच्या साहाय्याने सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबते. हवा जितकी दाट, तितके अधिक पेट्रोल जाळता येते. पण हवा दाट झाली की तिच्यातून ठिणगी उडवणे अवघड होते आणि त्यासाठी अधिक विद्युतदाब लागतो. म्हणूनच अशा इंजिनात प्लगाच्या टोकांमधील अंतर कमी, साधारणतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर, ठेवतात. प्रत्येक प्लगासाठी स्वतंत्र कॉइल असते. चार सिलिंडरांत १, ३, ४, २ या क्रमाने ठिणगी पडते. इंजिनाच्या ठोकळ्यावर बसवलेला संवेदक स्फोटाचा अनिष्ट ठोका टिपतो आणि संगणक तत्काळ ठिणगी किंचित उशिरा पाडतो.

थोडक्यात, उच्च क्षमतेच्या इंजिनात प्रज्वलन यंत्रणेवरील ताण सतत अधिक असतो. साध्या इंजिनात खपून जाणारा बारीक दोष येथे लगेच जाणवतो.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. कॉइलीतील विद्युतप्रवाह एकाएकी तोडला की ______ कोसळते.
२. ऑक्टाव्हिया आरएसच्या इंजिनात अधिक हवा कोंबण्याचे काम ______ करतो.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. पिस्टन अगदी वर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी का पाडावी लागते?
२. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात प्लगाच्या टोकांमधील अंतर कमी का ठेवतात?

४. सेक्टर २२ मधील एक गाडी

शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्या देशभर पोहोचल्या. समजा, त्यांपैकी एक ऑक्टाव्हिया आरएस आज चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये आहे. १९५२ साली पायाभरणी झालेल्या या नियोजित शहरातील सेक्टर २२ हा आरंभीच्या काळात वसलेला भाग. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुविशारद दांपत्याचा त्याच्या आखणीत वाटा होता. आखणी झाली तेव्हा मोटारी मोजक्या होत्या. आता मात्र रस्त्यांच्या कडेला त्यांची रांग लागलेली असते आणि पुष्कळ गाड्यांना रात्र उघड्यावर काढावी लागते. उन्हाळ्यात तेथील पारा चाळिशीच्या वर चढतो, तर जानेवारीत दाट धुके पडते आणि रात्रीचे तापमान पुष्कळदा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते.

अशाच एका धुक्याच्या सकाळी ही गाडी बराच वेळ स्टार्टर फिरवल्यावर सुरू होते. सुरू झाली तरी उभ्या जागी थरथरते. मेस्त्रींच्या भाषेत सांगायचे तर ती ‘मिसिंग’ करते. ॲक्सिलरेटर दाबला की जोर धरण्याऐवजी गचके खाते. गाडीच्या मालकाला चार जण चार सल्ले देतात. कोणी म्हणतो, चारही कॉइली बदला. कोणी पेट्रोलच्या पंपाला दोष देतो. कोणी संगणकच बिघडला असे ठामपणे सांगतो. प्रत्येक सल्ला पैसे मागतो, पण पुरावा कोणाजवळच नसतो. कॉइली बदलूनही दोष राहिला, तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत व्हायची. जाणता तंत्रज्ञ असे करत नाही. तो पुढील पायऱ्यांनी जातो.

पहिली पायरी विचारपूस. दोष केव्हापासून आहे? थंड इंजिनात अधिक जाणवतो की तापलेल्या? नुकतेच इंजिन पाण्याने धुतले होते काय? जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतल्यास प्लगांच्या खोल खाचांत पाणी शिरते आणि तेवढ्यानेही हाच त्रास उद्भवतो. आपल्या उदाहरणातील मालक सांगतो की इंजिन धुतलेले नाही, पण दोष थंडीत आणि चढावर वाढतो.

दुसरी पायरी निरीक्षण. बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट आहेत ना, हे पाहावे. इंजिन बंद असताना धडधाकट बॅटरीचा दाब १२.५ व्होल्टच्या आसपास असतो. थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते, स्टार्टर अधिक प्रवाह ओढतो, बॅटरीचा दाब खाली जातो आणि कॉइलीला पुरेसा प्रवाह मिळत नाही. म्हणून कॉइलीवर संशय घेण्यापूर्वी बॅटरी तपासावी. येथे बॅटरी ठीक निघते.

तिसरी पायरी वाचन. गाडीच्या आतील जोडणीला निदान-उपकरण लावून संगणकाने नोंदवलेले दोषसंकेत वाचावेत. ‘पी ०३००’ हा संकेत ‘अनेक सिलिंडरांत ठिणगी चुकते’ असे सांगतो, तर ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ हे संकेत त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर दाखवतात. या गाडीत ‘पी ०३०२’ हा संकेत मिळतो. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही, एवढेच त्यावरून कळते. का पेटत नाही, हे संगणक सांगू शकत नाही. संकेत हा रोगाचा पत्ता असतो, रोगाचे नाव नव्हे.

चौथी पायरी अदलाबदल. इंजिन बंद करून, चावी काढून, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. जुना संकेत पुसून गाडी चालवून पाहावी. आता ‘पी ०३०३’ आला, तर दोष कॉइलीबरोबर सरकला. म्हणजे कॉइल दोषी. पुन्हा ‘पी ०३०२’ च आला, तर कॉइल निर्दोष. दोष प्लगात, वायरिंगमध्ये, पेट्रोलच्या इंजेक्टरमध्ये किंवा सिलिंडरच्या दाबात आहे. या परीक्षेला एका पैचाही नवा भाग लागत नाही. आपल्या उदाहरणात संकेत दुसऱ्याच सिलिंडरवर राहतो. चार कॉइलींचा खर्च तेथेच वाचतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या गाडीत चालू इंजिनावर प्लगाची वायर ओढण्याची जी रीत होती, ती या यंत्रणेत वापरू नये. उच्च दाबाला वाट मिळाली नाही की कॉइल आतून फुटते, माणसाला जबर धक्का बसू शकतो, आणि न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून वितळवते. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर चालू इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेजवळ जाऊच नये. ज्या कॉइलीतच इलेक्ट्रॉनिक स्विच बसवलेला असतो, तिची परीक्षा केवळ मल्टिमीटरने रोध मोजून होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

५. प्लग काय सांगतो?

पाचवी पायरी प्लगाची. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. गरम असताना प्लग उघडल्यास त्याचे आटे ओरबाडले जातात. म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. कॉइल हलक्या हाताने सरळ वर ओढावी. डोळ्यांना चष्मा लावून खाचेतील धूळ हवेच्या झोताने उडवावी, अन्यथा प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते. तेल किंवा पाणी असल्यास ते आधी फडक्याने टिपून घ्यावे. काढलेले चारही प्लग त्यांच्या क्रमाने फळीवर मांडावेत.

प्लगाचे टोक म्हणजे सिलिंडरच्या आतील स्थितीचे पत्रकच. फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल तर ज्वलन उत्तम आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोलचे प्रमाण अधिक आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. ओलसर काळेपणा असेल तर सिलिंडरमध्ये इंजिनाचे तेल येत आहे. टोक पांढरे पडले असेल, त्यावर फोड आले असतील, तर प्लग अतिशय तापतो आहे. प्लगाचे टोक साधारणतः ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले म्हणजे त्यावरील काजळी आपोआप जळून जाते आणि टोकही सुरक्षित राहते. याहून थंड राहिल्यास काजळी साठते. फार तापल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते. त्यासाठी प्लगाची ‘उष्णता-श्रेणी’ इंजिनाला अनुरूप असावी लागते. सर्व कंपन्यांचे क्रमांक एकाच पद्धतीचे नसतात. एनजीके कंपनीच्या प्लगांत मोठा क्रमांक म्हणजे थंड प्लग, तर बॉशच्या प्लगांत मोठा क्रमांक म्हणजे गरम प्लग. म्हणून नुसता आकडा पाहून प्लग निवडू नये. गाडीच्या पुस्तिकेतील नेमका प्रकारच घ्यावा.

सेक्टर २२ मधील गाडीच्या दुसऱ्या प्लगाचे टोक फारसे बिघडलेले नाही. मात्र त्याच्या पांढऱ्या चिनी मातीच्या आवरणावर, वरपासून खालपर्यंत, केसासारखी काळी रेघ दिसते. प्लगाच्या खाचेत तेलाचा ओलावाही आहे. येथे दोषाचा उलगडा होतो. व्हॉल्व्ह झाकणाखालचे गास्केट कडक होऊन त्यातून तेल झिरपले. तेल, धूळ आणि धुक्याचा दमटपणा यांमुळे आवरणाच्या पृष्ठभागावर विजेला चोरवाट मिळाली. वीज नेहमी सोपी वाट धरते. गाडी सावकाश चालत असताना सिलिंडरमधील दाब कमी असतो, तेव्हा ठिणगी बहुतेक वेळा योग्य जागी पडते. ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोचार्जर हवा कोंबतो, आतली वाट कठीण होते आणि वीज बाहेरच्या रेघेवरून निसटते. चढावर आणि थंडीत दोष का वाढत होता, हे आता स्पष्ट होते. मालकाने पहिल्या पायरीवर दिलेली माहिती येथे उपयोगी पडते.

६. बसवणी

आता केवळ नवा प्लग बसवून भागणार नाही. तेलाची गळती तशीच राहिली तर नवा प्लगही काही महिन्यांत तसाच होईल. म्हणून गास्केट बदलावे, खाचा पुसून कोरड्या कराव्यात, कॉइलीच्या खालचे रबरी आवरण चिरलेले नाही ना हे पाहावे, आणि चारही प्लगांचे वय सारखेच असल्याने ते एकदमच बदलावेत.

नवा प्लग पेटीत नीट असला तरी त्याचे अंतर मोजून घ्यावे. प्लॅटिनम किंवा इरिडियमची बारीक टोके असलेल्या प्लगांवर तारेचा ब्रश चालवू नये. ती टोके नाजूक असतात. प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा. आटे वाकडे लागले तर हाताला तत्काळ कळते. पान्याला कळत नाही. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच करावी. सैल प्लग उष्णता बाहेर सोडू शकत नाही आणि जळतो. अति आवळलेला प्लग हेडाचे आटे मोडतो. कॉइल बसताना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी आणि तिची जोडणी पक्की करावी. शेवटी दोषसंकेत पुसून, गाडी चढावर चालवून, संकेत पुन्हा येत नाही याची खात्री करावी.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. ‘पी ०३०२’ हा संकेत दोषाचे नेमके कारण सांगतो.
२. इंजिन गरम असतानाच प्लग काढणे सोयीचे असते.
(आ) कॉइलींची अदलाबदल केल्यावर संकेत त्याच सिलिंडरवर राहिला, तर कोणता निष्कर्ष निघतो?

७. कसब आणि विश्वास

मेस्त्रीचे जुने कसब निरुपयोगी ठरले काय, हा प्रश्न मागे उपस्थित केला होता. वरील उदाहरणात संगणकाने केवळ एक क्रमांक दिला. मालकाला नेमके प्रश्न विचारणे, प्लगावरची केसासारखी रेघ ओळखणे, आटे वाकडे लागत असल्याचे बोटांना जाणवणे, ही कामे माणसानेच केली. फरक एवढाच की पूर्वी अंदाजावर काम थांबत असे. आता अंदाजाला मोजणीची जोड द्यावी लागते. ज्या मेस्त्रीने पॉइंटचे अंतर फिलर गेजने काळजीपूर्वक मोजले, तो दोषसंकेत वाचण्यासही शिकू शकतो. त्यासाठी त्याला संकेतांची यादी, सेवापुस्तिका आणि मापे वाचता यायला हवीत. साक्षरता ही अशा वेळी कारागिराच्या पेटीतील एक हत्यारच असते.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. गाडीचे झाकण उघडल्यावर आत काय चालले आहे, हे बहुतेक मालकांना समजत नाही. नको असलेला भाग बदलून त्याचे पैसे घेणे म्हणूनच सोपे असते. जो तंत्रज्ञ काढलेला प्लग मालकाच्या हातात देऊन त्यावरची रेघ दाखवतो आणि कोणता भाग का बदलला हे समजावून सांगतो, तो गाडीबरोबर आपली विश्वासार्हताही जपतो. असा तंत्रज्ञ कुर्ल्याचा असो वा चंडीगडचा, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

या पाठात तुम्ही काय शिकलात?

• कॉइल बॅटरीचा अल्प दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते आणि प्लग ठिणगी पाडतो.
• पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर यांची जागा संवेदक, संगणक आणि स्वतंत्र कॉइली यांनी घेतली आहे.
• विचारपूस, निरीक्षण, संकेतवाचन, अदलाबदल आणि प्लगाची तपासणी या क्रमाने दोष शोधावा.
• दोषाबरोबर दोषाचे मूळ कारणही दूर करावे.
• नव्या यंत्रणेतही कारागिराचे निरीक्षण आणि प्रामाणिकपणा यांचे मोल कायम आहे.

शब्दार्थ

प्रज्वलन – पेटवणे
विद्युतदाब – विजेचा दाब, व्होल्टमध्ये मोजतात
प्रवर्तन – एका मंडलातील बदलामुळे दुसऱ्यात वीज उत्पन्न होणे
संवेदक – गती, उष्णता, ठोका इत्यादी टिपणारे साधन
रोध – विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा
निष्णात – अत्यंत कुशल
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी – संकट एकीकडे, उपाय भलतीकडे

भाषाभ्यास

१. परभाषेतून आलेल्या शब्दांना मराठी आपले लिंग देते. प्लग (पुल्लिंग), कॉइल (स्त्रीलिंग), इंजिन (नपुंसकलिंग). विभक्तिप्रत्यय लागताना अशा शब्दांचे सामान्यरूपही होते : प्लग – प्लगाचा, कॉइल – कॉइलीचा, इंजिन – इंजिनाचा. बोलण्यात ‘प्लगचा’, ‘कॉइलचा’ अशी रूपेही ऐकू येतात.

२. सूचना देताना क्रियापदाला ‘-आवा, -आवी, -आवे’ हे प्रत्यय लागलेली विध्यर्थी रूपे वापरतात. उदा. ‘प्लग हाताने बसवावा’, ‘कॉइल सरळ ओढावी’, ‘अंतर मोजून घ्यावे’. या वाक्यांत क्रियापदाचे लिंग कर्मानुसार बदलते, हे लक्षात घ्या.

स्वाध्याय

१. जुन्या आणि नव्या प्रज्वलन यंत्रणांतील तीन फरक लिहा.
२. ‘संकेत हा रोगाचा पत्ता असतो, रोगाचे नाव नव्हे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. सेक्टर २२ मधील गाडीचा दोष चढावर आणि थंडीत का वाढत होता, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुम्हांला माहीत असलेल्या एखाद्या यंत्राची (शिवणयंत्र, पाण्याचा पंप, सायकल) निगा राखण्याच्या पायऱ्या विध्यर्थी रूपे वापरून आठ ते दहा वाक्यांत लिहा.
५. सायकल, टायर, ब्रेक, बॅटरी या शब्दांची लिंगे ओळखा आणि प्रत्येकाचे षष्ठी विभक्तीचे रूप लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. चुंबकीय क्षेत्र २. टर्बोचार्जर
(आ) १. ज्योत सर्वत्र पसरण्यास थोडा अवधी लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. २. दाट हवेतून ठिणगी उडवणे अवघड असल्यामुळे अंतर कमी ठेवतात.
२. (अ) १. चूक २. चूक
(आ) कॉइल निर्दोष असून दोष प्लग, वायरिंग, इंजेक्टर किंवा सिलिंडरचा दाब यांपैकी कशात तरी आहे, असा निष्कर्ष निघतो.